नदी सुधारायची तर आधी गल्लीतला पाऊस धरा: नाल्याकाठच्या वस्तीसाठी मार्गदर्शक

संभाजीनगरची खाम, जालन्याची कुंडलिका, बीडची बिंदुसरा, हिंगोलीची कयाधू. शहर कोणतंही घ्या, रडगाणं एकच: उन्हाळ्यात नदीत गटाराचं पाणी आणि पावसाळ्यात चार दिवस पूर. नदी सुधारायची म्हटलं की लोकांना घाट, कठडे आणि रंगीत दिवे आठवतात. त्याला माझा विरोध नाही, पण ते शेवटचं काम आहे. सुरुवात वरून करायची: गच्ची, मग गल्ली, मग नाला, मग नदी. आणि सांडपाणी वेगळं झाल्याशिवाय नाल्याचं पाणी जमिनीत मुरवायला जायचं नाही. हा क्रम चुकला की पैसे तर जातातच, वर आजूबाजूचे बोअरही नासतात.

हा लेख नाल्याकाठी राहणाऱ्या साध्या रहिवाशांसाठी आहे. मी आमच्या भागातल्या, खामला मिळणाऱ्या एका नाल्यावर हे काम केलंय. उदाहरणं संभाजीनगरची आहेत, पण काळी माती आणि काळा दगड सगळ्या मराठवाड्यात सारखाच, त्यामुळे जालना-बीडकरांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी थोडं नदीबद्दल. खाम जटवाड्याच्या डोंगरातून उतरते, हर्सूल तलावातून शहरात येते, पाणचक्कीजवळून छावणीकडे जाते आणि वाळूजच्या बाजूने पुढे गोदावरीत, नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) मिसळते. शहराला प्यायचं पाणी येतं तेही नाथसागरातूनच, पंपाने वर चढवून. म्हणजे आपण नाल्यात जे सोडतो ते फिरून आपल्याच शुद्धीकरण केंद्रावर येतं. ज्या डोंगरातून पाऊस असा वाहून येतो, त्याच्याच पायथ्याचं भूजल मलिक अंबरच्या काळापासूनच्या नहरींनी, म्हणजे जमिनीखालच्या पाणीवाहिन्यांनी, शहरात आणलं होतं. पाणी मुरतं कुठे आणि निघतं कुठे, हे त्या लोकांनी आपल्यापेक्षा नीट ओळखलं होतं. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, वेरॉक कंपनी आणि पर्यावरणाचं काम करणारी इकोसत्त्व यांनी मिळून खामच्या पुनरुज्जीवनाचं मोठं काम उभं केलं. नदीत आता बघण्यासारखं काही आहे. पण नदीला येऊन मिळणारे नाले वस्त्यांमधून येतात, आणि तिथे वस्तीनेच हात घातल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

१. मे महिन्यात नाला चालून बघा

पावसाळ्यात नव्हे, भर उन्हाळ्यात. आपल्याकडच्या छोट्या नाल्यांना मे महिन्यात झरे नसतात. तेव्हा नाला वाहत असेल तर ते सांडपाणीच, वेगळी तपासणी लागत नाही. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान जा. आंघोळी-धुण्याची वेळ असते, प्रत्येक पाईप बोलायला लागतो. साबणाचा फेस असेल तर न्हाणीघर, काळं आणि उग्र वासाचं असेल तर संडास किंवा फुटलेली ड्रेनेज लाईन, तेलाचा तवंग असेल तर गॅरेज किंवा हॉटेल.

खालून वर चाला. नाला जिथे नदीला मिळतो तिथून सुरुवात करून उगमाकडे. प्रत्येक पाईपचा फोटो, मोबाईलवर लोकेशन, आणि वहीत एक ओळ: डावा काठ की उजवा, पाईप किती इंची, पाणी चालू की बंद. बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन प्रवाहही मोजता येतो. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघायचं. वीस सेकंदांत भरली तर मिनिटाला तीस लिटर. अधिकाऱ्यासमोर 'खूप घाण पाणी येतंय' म्हणण्यापेक्षा 'अमुक मोरीखालून मिनिटाला तीस लिटर' म्हटलं की संभाषणाचा सूर बदलतो.

बरोबर घ्यायच्या वस्तू: गमबूट, रबरी हातमोजे, लांब काठी, तीस मीटरचा टेप, वही आणि वस्तीतलं एक म्हातारं माणूस. शेवटची वस्तू सगळ्यात कामाची. आमच्याबरोबर आलेल्या एका आजोबांनी एका दुकानाच्या ओट्यावर काठी आपटून सांगितलं, "हितं दोन मोऱ्या होत्या बगा. एक ह्याच्या खाली दाबलीय." बुजवलेली मोरी नकाशात सापडत नाही, अशी सापडते.

२. नाला कागदावर कोणाचा आहे ते बघा

लोक या पायरीला कंटाळतात आणि इथेच अडकतात. जमवायचे कागद:

- शहराच्या विकास योजनेचा तुमच्या भागाचा नकाशा (महापालिकेचा नगररचना विभाग)
- नाल्याच्या हद्दीचा मोजणी नकाशा (भूमी अभिलेख किंवा नगर भूमापन कार्यालय)
- नदीलगत असाल तर पूररेषेचा नकाशा (जलसंपदा विभागाने आखलेला, महापालिकेत प्रत असते)
- ड्रेनेज लाईनचा नकाशा, चेंबरच्या खोलीसह (ड्रेनेज विभाग)
- लेआऊटचा मंजूर नकाशा. खुली जागा महापालिकेकडे हस्तांतरित झाली की नाही ते त्यावरून आणि हस्तांतरणाच्या कागदावरून कळतं
- सोसायटीचा किंवा रहिवाशांच्या बैठकीचा ठराव, सह्यांनिशी
- झाड तोडायचं, छाटायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी
- खोदाईच्या जागेवरून वीज, नळ किंवा फोनच्या तारा जात असतील तर त्या-त्या खात्याचं ना हरकत पत्र

पूररेषेचं एवढं लक्षात ठेवा: निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. तुमचा बगीचा, बाक, पायवाट सगळं पुरात बुडणार हे धरूनच आखा.

गुंठेवारी वस्तीत (मंजुरीशिवाय, गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पाडून वसलेल्या) राहत असाल तर वेगळं लफडं असतं. तिथे बऱ्याचदा खुली जागा सोडलेलीच नसते, आणि नाला जुन्या गटाच्या नकाशात बारीक रेघेने दाखवलेला असतो, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून. त्या रेघेवर आज कुणाची तरी पायरी, कुणाचं शौचालय, कुणाची टपरी असते. मोजणी मागवली की शेजारी बिथरतात. म्हणून मोजणीआधी घरोघर जाऊन सांगा की घर पाडायला आलेलो नाही, पाणी कुठून जातं ते बघायचंय. आणि तसं खरंच वागा. अतिक्रमणाचा निकाल लावणं रहिवासी गटाचं काम नाही. त्यात शिरलात की पाणी बाजूला राहतं आणि भांडण पुढे येतं.

अर्ज प्रभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तोंडी 'करून टाका' या शब्दाला काही अर्थ नाही. ते म्हणणाऱ्या साहेबांची बदली होते आणि नवीन साहेब पहिल्या दिवशी कागद मागतात. दिवाळीनंतर अर्ज दिला तर फेब्रुवारीत खोदाई सुरू करता येते. एप्रिलमध्ये अर्ज दिला तर पावसाळा गेलाच म्हणून समजा.

३. सांडपाणी आणि पाऊस यांची फारकत करा

दोन बाजूंनी घोटाळा असतो. एक, सांडपाण्याचे पाईप नाल्यात. दोन, गच्चीचे पाईप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये. दुसरा घोटाळा कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो भिंतीत लपलेला असतो. बांधताना मिस्त्रीने सोयीचं म्हणून पावसाचा पाईप जवळच्या चेंबरला जोडलेला असतो. मग मोठा पाऊस आला की रस्त्यावरच्या मॅनहोलचं लोखंडी झाकण खडखडायला लागतं, कडेने पाणी उसळतं आणि खालच्या अंगाच्या घरात संडासातून उलटं येतं. लोक म्हणतात ड्रेनेज लाईन छोटी आहे. ती सांडपाण्यापुरतीच असते. त्यात तुम्ही अख्ख्या गल्लीचा पाऊस घातलाय.

आपल्या घरचं तपासणं सोपं आहे. गच्चीवर दोन बादल्या पाणी ओता आणि खाली चेंबरचं झाकण उघडून बघा. तिथे पाणी आलं की कळलं. प्लंबर बोलावून तो पाईप तोडायचा आणि बाहेर वळवायचा. चेंबरमध्ये उतरायचं मात्र नाही, स्वतःही नाही आणि मजुरालाही उतरवायचं नाही. आत विषारी वायू असतो, माणसं मरतात, आणि असं उतरवणं कायद्याने गुन्हा आहे.

नाल्यात येणारं सांडपाणी मुख्य लाईनला जोडणं महापालिकेचं काम. जिथे घरोघर जोडणी लगेच होत नाही, तिथे नाल्यात बुटका आडवा बांध घालून कोरड्या दिवसांतला प्रवाह जाळीतून ड्रेनेजमध्ये वळवतात. पाऊस आला की जास्तीचं पाणी बांधावरून पुढे जातं. युक्ती चांगली, पण त्या जाळीत कॅरीबॅग आणि गुटख्याच्या पुड्या अडकल्या की दोन दिवसांत ती बंद. जाळी कोण साफ करणार हे ठरल्याशिवाय असा बांध मागूच नका.

४. पाऊस मोजा आणि हिशेब घाला

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. बाकी सगळं यावरून निघतं.

संभाजीनगरचा वर्षाचा सरासरी पाऊस साधारण ७०० मिमी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. त्यातलं ८० टक्के हाती लागलं तरी ५२ हजार लिटर होतात, म्हणजे पाच हजार लिटरचे दहा टँकर. आठ-आठ दिवस नळाची वाट बघितलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

आता वस्तीचा हिशेब. समजा तुमच्या नाल्यावर दहा हेक्टर भागाचं पाणी येतं आणि एका दिवसात ६५ मिमी पाऊस झाला. महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात तोच आकडा. रस्ते, गच्च्या, फरशी धरून ६० टक्के वाहून गेलं तर ३९ लाख लिटर झाले. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा दगडांनी भरला की त्यात पोकळी उरते साधारण ४० टक्के, म्हणजे ३,२०० लिटर. ३९ लाखांपुढे असे पन्नास खड्डे घेतले तरी काय होणार?

यावरून दोन गोष्टी समजून घ्या. अतिवृष्टीचं पाणी आपल्याला अडवायचं नाहीच, ते नुकसान न करता पुढे जाऊ द्यायचंय. आपल्याला धरायचे आहेत वर्षभरातले दहा-वीस-तीस मिमीचे पाऊस, कारण असेच दिवस जास्त येतात. आणि खड्ड्यांपेक्षा पसरट जागा भारी पडते: दोन हजार चौरस मीटरचं मैदान नुसतं एक फूट खोलगट केलं तर सहा लाख लिटर पाणी काही तास थांबतं. पाणी ओसरलं की पोरं पुन्हा क्रिकेट खेळायला मोकळी.

पाऊस मोजायला सरळ कडांचा डबा आणि पट्टी पुरते. डबा झाडाखाली आणि पन्हळीखाली ठेवायचा नाही. मंडळनिहाय अधिकृत आकडे कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर मिळतात, पण पाऊस गल्लीगल्लीला वेगळा पडतो हे तुम्हाला सांगायला नको.

५. जमीन पाणी पिते का ते तपासा

वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या (छिद्रं असलेला, झिजलेला मऊसर दगड), मग काळा पाषाण. पाणी मुरतं ते मुरमात आणि भेगाळ मांजऱ्यात. काळी माती उन्हाळ्यात भेगा पडलेली दिसते म्हणून फसू नका. पहिल्या दोन पावसांत ती फुगते, भेगा मिटतात आणि वर पाणी नुसतं उभं राहतं. खालच्या अखंड पाषाणात तर पाणी शिरतच नाही. म्हणजे आपल्या कामाचा थर मधलाच.

चाचणी अशी करा. जिथे मुरवायचंय तिथे काळी माती ओलांडून मुरमापर्यंत फूटभर रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, मुरू द्या. पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. पहिली भरणी मोजायची नाही, कोरडी जमीन पहिलं पाणी घटाघटा पिते. दुसऱ्या भरणीत तासाला इंचभर उतरलं तर जागा चांगली. अर्ध्या इंचाच्या आत असेल तर तिथे मुरवण्याचा नाद सोडा; तिथलं पाणी उताराने दुसरीकडे न्या किंवा टाकीत साठवा.

घराच्या पायापासून शोषखड्डा निदान पंधरा फूट लांब ठेवा. काळ्या मातीत पायाशेजारी पाणी मुरवलं की माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला जिन्यासारखी तिरपी चीर जाते. सेप्टिक टँकपासूनही तेवढंच लांब. आणि बोअरमध्ये थेट पाणी सोडायचं असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला विचारल्याशिवाय करू नका. गच्चीचं, गाळून घेतलेलं पाणी एक वेळ चालेल. रस्त्याचं किंवा नाल्याचं पाणी बोअरमध्ये सोडणं म्हणजे सगळ्या वस्तीच्या पाण्यात घाण कालवणं.

६. वरून खाली बांधत या

गच्ची. पाईपला पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारा टी (तीन तोंडांचा जोड) आणि झाकण बसवा. वर्षाची पहिली एक-दोन पावसं धूळ आणि कबुतरांची विष्ठा धुऊन जाऊ द्या, मग पाणी गाळणीतून टाकीत किंवा खड्ड्यात घ्या. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवीन बांधकामाला पाऊस साठवण्याची सोय बंधनकारकच आहे. ती कागदावर आहे की जमिनीवर, हे तुमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये जाऊन बघा. बऱ्याच ठिकाणी त्या खड्ड्यावर गाडी उभी असते.

गल्ली. नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी घरच्या सांडपाण्याचे शोषखड्डे घराघरांत केले, ते बऱ्याच जणांनी पाहिले असतील. तोच खड्डा पावसासाठी जसाच्या तसा वापरू नका. रस्त्यावरून येणाऱ्या पाण्यात माती प्रचंड असते, एका पावसाळ्यात खड्डा बसतो. त्याच्या आधी गाळ बसायला एक छोटी कुंडी हवीच: दोन बाय दोन फूट, तीन फूट खोल, तळ पक्का, आणि पुढे जाणारा पाईप तळापासून दीड-दोन फूट वर. गाळ खाली राहतो, पाणी पुढे जातं. मजूर हा पाईप तळाशी लावायला बघतात, सोपं पडतं म्हणून. उभं राहून करून घ्या.

रस्त्याकडेच्या पट्ट्यात उथळ चर घेता येतो. दुभाजक आणि फुटपाथचे कठडे पाणी अडवतात. दर पाच-सहा मीटरवर कठड्याला वीतभर फट ठेवली की रस्त्याचं पाणी झाडांकडे वळतं. महापालिकेच्या ठेकेदाराला ही फट म्हणजे अपुरं काम वाटतं, म्हणून मंजूर आराखड्यात ती दाखवून घ्या.

समपातळी काढायला पारदर्शक नळीत पाणी भरलेला लेव्हल पाईप पुरतो. डोळ्याने उतार ठरवू नका. सपाट वाटणाऱ्या गल्लीतही पाणी मनाविरुद्ध जातं.

नाला. इथे सांडपाणी बंद झाल्यावरच हात घाला. अनघड दगडांचे बुटके बांध, उंची गुडघाभर, मधोमध थोडे खोलगट, म्हणजे पाणी काठ न कापता मधून जातं. दोन बांधांतलं अंतर असं ठेवा की खालच्या बांधाचा माथा आणि वरच्या बांधाचा पाया एका पातळीत येईल. बांध काठात दोन्ही बाजूंनी हातभर आत घुसवा, नाहीतर पहिल्या पुरात पाणी बगलेने वाट काढतं. नाल्याचा तळ सिमेंटने मात्र करू देऊ नका. तळ आणि दोन्ही भिंती काँक्रीटच्या झाल्या की पाणी मुरणं थांबतं आणि खालच्या वस्तीत पूर लवकर पोचतो.

७. जास्तीच्या पाण्याची वाट आधी काढा

प्रत्येक खड्ड्याला, मैदानाला, बांधाला सांडवा हवा, आणि तो कुणाच्या अंगणात निघणार नाही हे बघून ठरवा. आमच्याकडे मैदान खोलगट करायला सगळ्यात मोठा विरोध एका काकूंचा होता. "उद्या पाणी माझ्या उंबऱ्याला लागलं तर कुणाला बोलू?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मैदानाचा सांडवा त्यांच्या उंबऱ्यापेक्षा पावणेदोन फूट खाली ठेवला आणि लेव्हल पाईपने त्यांनाच दाखवला. त्यानंतर त्या स्वतः इतरांना समजावून सांगू लागल्या.

मराठवाड्यात जून कोरडा गेला म्हणून निवांत राहू नका. आपल्याकडे सप्टेंबर दगा देतो. २०२१ चा आणि २०२५ चा सप्टेंबर आठवा. सांडवे ऑगस्टअखेर पुन्हा एकदा साफ हवेत.

थांबलेलं पाणी तीन दिवसांत गेलंच पाहिजे. जास्त राहिलं तर डेंगीचे डास होतात, आणि एकदा वस्तीत डेंगीचा रुग्ण सापडला की तुमचा खड्डा खरा दोषी असो वा नसो, तो बुजवला जातो.

८. काठावर काय लावायचं

पाण्याच्या कडेला वाळा, लव्हाळा, कर्दळ. त्याच्या वर निर्गुडी आणि करंज. पुराच्या रेषेबाहेर उंबर, जांभूळ, अर्जुन. वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरतात, शिवाय गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत. सुबाभूळ लवकर वाढते म्हणून कुणी सुचवेल. नको, ती बी टाकून सगळा काठ खाते. लागवड जुलैत करा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायची जबाबदारी नावानिशी वाटून घ्या. वृक्षारोपणाच्या फोटोला येणारे एप्रिलमध्ये येत नाहीत.

९. वर्षाचं वेळापत्रक लावा

मे अखेर: गाळाच्या कुंड्या उपसणं, जाळ्या साफ, गच्च्या झाडणं. जून ते सप्टेंबर: दर मोठ्या पावसानंतर एक फेरी, मोबाईलवर फोटो. ऑक्टोबर: बांधांची डागडुजी, पुन्हा गाळ. खर्चाचा मोठा भाग इथेच येतो, म्हणून वर्गणी काढताना बांधकामाबरोबर पुढच्या तीन वर्षांच्या सफाईची रक्कमही धरा. देणगीदार दगडावर नाव टाकायला पैसे देतो, गाळ काढायला देत नाही. तो खर्च वस्तीलाच सोसावा लागतो.

रस्त्याच्या कुंडीतला गाळ शेतात किंवा परसातल्या भाजीला टाकू नका, त्यात गाड्यांचं तेल आणि टायरची भुकटी असते. तो महापालिकेच्या गाडीला द्या. मैदानात बसलेली माती झाडांना चालते.

आणि कुंडीच्या झाकणाची किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका. पाऊस नेमका तो गावाला गेल्यावर येतो.